यंत्रमानवाची पेटी

गेल्या महिन्यांत नौपाड्यांतील आमच्या एका जुन्या स्नेह्यांच्या घरीं जाण्याचा योग आला. पूर्वीं तेथें कौलारू बंगली होती, आतां सहा मजली इमारत उभी आहे; परंतु आजोबा-आजी, दोन भाऊ, दोन सुना व नातवंडें असा तो एकत्र संसार लगतच्या दोन बिऱ्हाडांत पूर्वींप्रमाणेंच नांदत आहे. दिवाणखान्यांत पाऊल टाकतों तों बसावयास जागा नाहीं! झोपाळ्याची फळी काढून भिंतीशीं टेकविलेली, आणि मधोमध एक भली मोठी लांकडी पेटी. पेटीभोंवतीं पांचसहा मुलेंमुली जमिनीवर बसून चाकें, मोटारी आणि रंगीत तारा निरनिराळ्या पिशव्यांत भरीत होतीं. घरांत लग्न निघालें आहे कीं काय, असें आम्हीं विनोदानें विचारलें. तेव्हां आजोबा म्हणाले, "लग्न परवडलें. निदान वऱ्हाड स्वतःच्या पायांनीं चालतें!"

घरची नात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षास आहे. तिच्या महाविद्यालयांतील पंधरा विद्यार्थ्यांच्या पथकानें वर्षभर खपून दोन यंत्रमानव सिद्ध केले असून ते आतां स्पर्धेसाठीं दिल्लीस न्यावयाचे आहेत. ज्या वाचकांस या स्पर्धांची माहिती नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. आशिया व पॅसिफिक विभागांतील प्रसारण-संस्थांच्या संघानें २००२ सालीं जपानांत टोकिओ येथें 'रोबोकॉन' नांवाची विद्यार्थ्यांची स्पर्धा सुरू केली. दर वर्षीं यजमान देश एक नवा खेळ योजतो व देशोदेशींचे विद्यार्थी तो खेळणारीं यंत्रें बनवितात. २००८ सालीं हा मान आपल्या पुण्यास मिळाला, तेव्हां खेळाचा विषय होता गोविंदा! दहीहंडीसाठीं प्रसिद्ध असलेल्या ठाणेंकरांस यापरतें कौतुक तें कोणतें? भारतांतील निवड-स्पर्धा त्या काळीं पुण्यासच होत असे. ठाण्याहून सकाळीं टेंपो निघाला कीं दुपारीं यंत्रासह मुलें मुक्कामास पोहोंचत. अलीकडच्या वर्षांत ती दिल्लीस होऊं लागली. अंतर दीडशें किलोमीटरांचें सुमारें दीड हजार झालें, आणि यंत्र बनविण्याइतकाच यंत्र नेण्याचा प्रश्नही बिकट झाला.

तो किती बिकट, याचा अनुभव या पथकानें मागील वर्षीं घेतला होता. मुलांनीं पेटी वाटेवरील एका स्थानकावर पार्सल म्हणून नोंदविली. गाडी तेथें कांहीं मिनिटेंच थांबणारी. मालडबा आधींच भरून आलेला. मुलें गाडींत बसलीं, पेटी फलाटावर राहिली, आणि ती दिल्लीस पोहोंचली दुसऱ्या दिवशींच्या गाडीनें. सरावाचा दिवस गेला तो गेलाच. पेटी उघडून पाहतात तों आंत सुटी ठेवलेली हत्यारांची पिशवी वाटभर हिंदकळून यंत्राचा एक हात वांकलेला व तारांचे जोड उखडलेले. वर्षभराच्या श्रमाचें फळ दोन-तीन मिनिटांच्या खेळांत मिळावयाचें, आणि तीं दोन-तीन मिनिटें मुलें एका लंगड्या यंत्रासह उभीं होतीं. नात परत आली ती आठ दिवस कोणाशीं धड बोलली नाहीं, असें तिच्या आईनें आम्हांस सांगितलें.

यंदा म्हणूनच घरांत तीन पक्ष झाले होते. विमानानें जावें, म्हणजे कटकट मिटली, असें आजोबांचें मत. पंधरा जणांचा विमानखर्च सगळ्यांच्या आईबापांस झेपणारा नाहीं, असें काकांचें. आणि एवढ्या दूर, एवढे दिवस, मुलींनीं यंत्राच्या मागें कशाला धांवावें, असें आजींचें. आम्हांसही पंच म्हणून बसविण्यांत आलें. त्या दिवशींच्या चर्चेंतून व पुढें केलेल्या चौकशींतून जें हातीं आलें, तें वाचकांपुढें मांडीत आहों. कारण आज ना उद्यां ही पेटी पुष्कळांच्या दिवाणखान्यांत येणार आहे.

पहिली गोष्ट दिवसांची. प्रवासाचा हिशेब निघण्याच्या दिवसापासून पुढें न करतां स्पर्धेच्या दिवसापासून मागें करावा. स्पर्धेपूर्वीं दोन दिवस यंत्र मुक्कामीं हवें. त्यापूर्वीं एक दिवस वाटेंतील विलंबासाठीं धरावा. त्यापूर्वीं दोन दिवस यंत्र सोडविण्यास व भरण्यास. म्हणजे यंत्र 'पुरें' होण्याची खरी तारीख विद्यार्थी समजतात तिच्याहून आठवडाभर अलीकडची असते. अमेरिकेंतील एका मोठ्या शालेय स्पर्धेंत ठराविक दिवशीं यंत्र पिशवींत घालून तिला मोहोर लावण्याचा नियमच होता. तो २०२० च्या हंगामापासून उठला. नियम उठला तरी त्यांतील शहाणपण घ्यावयास हरकत नाहीं. रेल्वेचें आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजीं ६० दिवसच आधीं मिळतें, व एका अर्जावर सहा प्रवाशांहून अधिक नांवें घेत नाहींत. पंधरा जणांस तीन अर्ज लागतील. ते कोण व कोणत्या सकाळीं भरणार, हें आधींच ठरवून ठेवावें.

दुसरी गोष्ट पेटीची. आगगाडीच्या डब्यांत स्वतःबरोबर नेण्याच्या पेटीस मर्यादा आहे : १०० सेंटिमीटर लांब, ६० रुंद व २५ उंच, वातानुकूलित तिसऱ्या वर्गांत तर ५५, ४५ व २२॥ सेंटिमीटर एवढीच. शयनयान-वर्गांत दर प्रवाशास ४० किलो वजन विनामूल्य नेतां येतें. यापेक्षां मोठें असेल तें मालडब्यांत द्यावें लागतें, आणि न नोंदवितां जादा ओझें नेतांना सांपडल्यास सहापट आकार पडतो. म्हणून एक अवाढव्य पेटी करण्यापेक्षां यंत्राचे भाग करून दोघांस उचलतां येतील अशा चार-पांच पेट्या करणें हिताचें. पंधरा विद्यार्थ्यांच्या वांट्यास येणारी विनामूल्य मर्यादा बेरजेनें ६०० किलो होते. तिचा उपयोग करून घेण्यास बुद्धीच लागते, पैसा नव्हे. जें मालडब्यांत द्यावयाचेंच, तें 'पार्सल' म्हणून न देतां तिकीट दाखवून 'लगेज' म्हणून नोंदवावें, म्हणजे तें आपल्याच गाडीनें जाण्याची योजना असते. नोंद शक्यतों गाडी जेथून सुटते त्या स्थानकावर करावी. नियमाप्रमाणें माल सुटण्यापूर्वीं निदान अर्धा तास हजर हवा. शहाण्यानें तीन तास आधीं जावें. मागील वर्षींचा अनर्थ कोणा कारकुनाच्या दुष्टपणानें झाला नाहीं; कांहीं मिनिटांच्या थांब्यावर अवजड पेटी चढविण्याच्या आशेनें झाला.

आणखी एक सूचना क्षुल्लक वाटेल, पण ती सोसलेल्यांनीं दिलेली आहे. पेटीचें माप यंत्रावरून न घेतां वाटेंतील सर्वांत अरुंद दारावरून घ्यावें. या घरची पहिली पेटी उद्वाहकांत मावली नाहीं! ती सहा मजले जिन्यानें उतरवितांना काकांची पाठ धरली, तेव्हां कोठें दुसरी पेटी करण्याचें ठरलें.

तिसरी गोष्ट विद्युत्-घटांची. यंत्रमानवाचे प्राण लिथियमच्या बॅटरींत असतात, आणि ती दबली, पोंचली किंवा तिचीं दोन टोकें धातूनें जोडलीं गेलीं तर पेट घेते. विमानांत सुटी बॅटरी सामानाच्या पोटांत देतां येत नाहीं. ती जवळच ठेवावी लागते. तिची शक्ती काढण्याची रीत सोपी आहे : व्होल्ट व अँपिअर-तास यांचा गुणाकार. ११.१ व्होल्ट व २.२ अँपिअर-तासांची बॅटरी सुमारें २४ वॅट-तासांची झाली. १०० पर्यंत अडचण नाहीं. १०० ते १६० पर्यंत विमान-कंपनीची पूर्वपरवानगी व माणशीं दोनच. १६० च्या वर प्रवासी विमानांत मुळींच नाहीं. २२.२ व्होल्ट व ५ अँपिअर-तासांची बॅटरी १११ वॅट-तासांची होते. म्हणजे विमानतळावर पोहोंचून परवानगी शोधण्यांत अर्थ नाहीं, ती घरून घेऊन निघावें. कोठेंही जातांना बॅटरीचीं टोकें चिकटपट्टीनें झांकावीं, प्रत्येक बॅटरी वेगळ्या पिशवींत ठेवावी, व ती पूर्ण भारित करून नेऊं नये. आगगाडींत आम्ल व स्फोटक पदार्थ नेण्यास बंदी आहे. हवेच्या दाबावर चालणारें यंत्र असेल तर त्याच्या टांक्या रिकाम्या करूनच न्याव्या.

चौथी गोष्ट कागदांची. प्राचार्यांच्या सहीचें एक पत्र, त्याबरोबर प्रत्येक वस्तूची यादी, आणि 'विक्रीसाठीं नाहीं, स्पर्धेनंतर परत येणार' हा खुलासा. याच्या चार प्रती निरनिराळ्या चार जणांजवळ असाव्या. माल रस्त्यानें पाठविल्यास व त्याची किंमत ५०,००० रुपयांहून अधिक असल्यास वाहतूकदार ई-वे बिलाची विचारणा करतो. परदेशीं जावयाचें झाल्यास निघतेवेळींच विमानतळावरील सीमाशुल्क-अधिकाऱ्यांस यंत्र दाखवून निर्यात-प्रमाणपत्र घ्यावें. नाहीं तर आपलेंच यंत्र परत आणतांना त्यावर जकात देण्याचा प्रसंग यावयाचा. २०१७ सालीं अफगाणिस्तानांतील हेरात शहरच्या सहा मुली वॉशिंग्टनच्या जागतिक स्पर्धेस निघाल्या होत्या. त्यांचे यंत्राचे सुटे भाग सीमाशुल्कांत कित्येक महिने अडकून पडले, प्रवेश-परवाना दोनदां नाकारला गेला; आणि तरीही अखेर त्या गेल्या, आणि धैर्याबद्दलचें रौप्यपदक घेऊन परतल्या.

ही हकीकत आम्हीं त्या दिवशीं मुद्दाम आजींच्या समोर सांगितली. त्यांनीं ऐकून घेतली, पण उत्तर दिलें नाहीं. त्या उठून पेटीजवळ गेल्या आणि वाकून आंत पाहूं लागल्या. लग्न होऊन आल्यापासून दोनदां काशी व एकदां रामेश्वर त्यांनीं याच घरांतून सामान बांधून केलेलें. नातीस त्या म्हणाल्या, "ही इकडे बोटभर जागा मोकळी कां? लोणच्याची बरणी धक्क्यानें फुटत नाहीं. भोंवतालच्या मोकळ्या जागेनें फुटते." आणि आंतून दोन जुन्या गोधड्या घेऊन आल्या. मागील वर्षीं हत्यारांच्या पिशवीनें जो घात केला, त्याचें कारण त्यांनीं एका वाक्यांत सांगितलें होतें! मग नातीनें गोधड्या फाडूं का, म्हणून विचारलें. "घड्या घाल," म्हणाल्या, "परत येतांनाही लागतील." त्यावरून नात जाणार, हें सर्वांस कळलें.

नाटक-मंडळ्यांच्या काळांतील महाराष्ट्रास हें शास्त्र अपरिचित नव्हतें. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांनीं पुण्यास 'शाकुंतल' उभें केल्यापासून पुढें पन्नास वर्षें मंडळ्या पडदे, पोशाख, वाद्यें व बिऱ्हाडांसह गांवोगांव हिंडल्या. सामानावर स्वतंत्र माणूस नेमल्याखेरीज असा संसार हलत नसे. विद्यार्थी नेमके येथेंच चुकतात. पंधराही जणांस यंत्र बनवावयाचें असतें. यादी करण्यास, पेटीवर नजर ठेवण्यास व पावत्या सांभाळण्यास कोणीच तयार नसतो. आमच्या मतें पथकांत एक विद्यार्थी केवळ प्रवासाचा कारभारी असावा, व त्याचा मान यंत्र चालविणाऱ्याइतकाच असावा. यंदा तें काम या घरच्या नातीनें मागून घेतलें आहे. तारांचे जोड सोडण्यापूर्वीं तिनें प्रत्येकाचें छायाचित्र घेतलें, दोन्ही टोकांस एकाच अंकाच्या चिठ्ठ्या लावल्या, प्रत्येक भागाचे खिळे-मळसूत्रें त्याच भागास पिशवी करून बांधले. आणि यंत्राची नियंत्रक-पट्टी व आज्ञावलीच्या दोन प्रती पेटींत न ठेवतां दोघांच्या खांद्यावरील पिशव्यांत विभागल्या.

राहिला खर्चाचा प्रश्न. पंधरा घरें सारख्या ऐपतीचीं नसतात. काकांनीं सुचविलेला मार्ग आम्हांस उत्तम वाटला : सर्वांनीं आगगाडीनेंच जावें, विमानानें कोणीच नाहीं, ज्यास परवडतें त्यानेंही नाहीं. त्यांतून वांचलेल्या पैशांतून सुटे भाग जादा घ्यावे, आणि ज्या एका मुलाची वर्गणी येण्यासारखी नाहीं तिचा उच्चारही कोणी करूं नये. आजोबांनीं थोडी कुरकुर केली. पण चार दिवसांनीं ती वर्गणी त्यांनींच भरल्याचें आमच्या कानीं आलें.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरांत असें यंत्र घडत असेल त्यांस एवढेंच सांगणें आहे. यंत्राचें शास्त्र आपणांस कळत नाहीं म्हणून दूर बसूं नये. गांठोडें बांधणें, गाडी गांठणें, दशम्या किती दिवस टिकतील याचा अंदाज करणें आणि पंधरा जणांत एकास उणें वाटूं न देणें, हें शास्त्र घरांतील वडील मंडळींस पुरतें अवगत आहे, आणि मुलांस नेमकें तेंच अवगत नसतें. मुलांनीं विचारण्याची वाट न पाहतां पेटीजवळ जाऊन बसावें.

मंडळी येत्या मंगळवारीं निघणार आहेत. पेट्या पांच झाल्या असून सर्व उद्वाहकांत मावतात. झोपाळा पुन्हां टांगला आहे, असें आजींनीं निरोपांत मुद्दाम कळविलें आहे.