गोदाकाठची द्राक्षे



गेल्या माघात आम्ही उभयता नायगावहून गजपंथाच्या दर्शनासाठी नाशिकला गेलो. नांदेडला आपण पाहतो ती गोदावरी याच जिल्ह्यात, त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते. दर्शनानंतर गंगापूर धरणाकडील द्राक्षबागा पाहिल्या. नोकरीतील काही वर्षे मी याच भागात काढली होती.

इटलीत फ्लॉरेन्स आणि सिएना या प्राचीन नगरांमधल्या कियांती प्रदेशाच्या द्राक्षमद्याची सीमा तेथील ग्रँड ड्यूकने 1716 सालीच आखून दिली. नाशिक नगरही सातवाहनकालीन लेण्यांइतके जुने; परंतु येथील वाइन अगदी अलीकडची. सुला या वाइनरीची पहिली वाइन 2000 साली बाजारात आली आणि 2001 मध्ये राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया धोरण जाहीर केले.

त्यानंतर कर्जाचे अर्ज येऊ लागले. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, जानेवारी ते मार्च तोडणी; खर्चाचा हिशेब मला पाठ होता. थॉमसनची द्राक्षे बाजारात न खपली, तर त्यांचा बेदाणा होतो. शिराझ किंवा काबर्नेची बारीक, बियांची, जाड सालीची द्राक्षे मात्र वाइनरीखेरीज कोण घेणार? एका शेतकऱ्याचे कर्ज मंजूर करताना मी खरेदीचा करार तपासला. हा प्रश्न विचारला नाही. 2008 च्या जागतिक मंदीनंतर वाइनची मागणी घटली, वाइनरीने माल उचलला नाही आणि त्याने बाग उपटून टाकली.

श्रावकाने टाळावयाच्या पंधरा व्यवसायांत रसवाणिज्य येते. मद्याचा व्यापार त्यातलाच. ‘मी कर्ज फळाला देतो, मद्याला नव्हे,’ अशी मनाची समजूत मी तेव्हा घातली होती. नियमानुसार ती फाइल निर्दोष होती. पण नियमात बसते ते सारेच आपल्याला शोभते असे नाही, हे कळायला निवृत्ती यावी लागली.

यावेळी मुद्दाम त्या शेतकऱ्याला भेटलो. आता त्याच्या रानात थॉमसन उभी आहे. माझी चूक मी त्याच्यापाशी बोलून दाखवली. तो म्हणाला, “साहेब, सही तुमची, पण हौस माझीच होती.” निघताना त्याने घरचा बेदाणा हातावर ठेवला. तो गोड होता. तरी घशाखाली उतरायला वेळ लागला.