नाव कुणाचं, हात कुणाचा?

'स्वतःचा ब्रँड तयार करा' हे वाक्य आता बचतगटांच्या प्रशिक्षणापर्यंत येऊन पोचलं आहे. पूर्वी लोणच्या-पापडांच्या पाकिटावर लेबल कसं लावायचं ते शिकवत. आता चित्रं काढणाऱ्या, गोधड्या शिवणाऱ्या, फोटो काढणाऱ्या, लिहिणाऱ्या बाईला सांगतात, तू स्वतःच ब्रँड हो. एक रंग ठरव, एक चिन्ह ठरव, इन्स्टाग्रामवर तुझी गोष्ट सांग, सगळीकडे सारखीच दिस. चळवळीतल्या अनेक मैत्रिणींच्या कपाळाला हे ऐकून आठी पडते. माणसाची वस्तू करणारी ही बाजाराची भाषा आपण कशाला बोलायची, असं त्या विचारतात. ही शंका रास्तच आहे. पण तेवढ्यावर थांबणं आपल्याला परवडणार नाही. कारण ब्रँड या शब्दाच्या पोटात एक जुना प्रश्न दडलेला आहे आणि तो आपलाच आहे. काम बाईचं, मग नाव कुणाचं?

या प्रश्नाचं उत्तर दोन भिंतींच्या इतिहासात सापडतं. एक भिंत बिहारमधल्या मिथिलेतली, दुसरी आपल्या डहाणू-तलासरीकडच्या वारली पाड्यांवरची. दोन्हीकडे लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर चित्रं काढायची ती बायकांनी. मिथिलेत नवपरिणीतांच्या खोलीत कोहबर रंगतो. वारली घरात सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघट देवी असते आणि धवलेरी लग्नाची गाणी म्हणते. या भिंतींवर सही नव्हती, आणि तिची गरजही नव्हती. गावाला ठाऊक असायचं कुणाचा हात आहे ते.

मग भिंतीवरचं चित्र कागदावर आलं. योगायोग असा की दोन्हीकडे कागद नेण्यात एकाच माणसाचा मोठा वाटा होता, मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी. १९६६-६७ च्या दुष्काळात अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या वतीने ते मिथिलेत गेले. बायकांना चार पैसे मिळावेत म्हणून कागद थेट त्यांच्याच हाती दिला गेला. पुढे काय झालं ते पद्मश्रीच्या यादीत वाचता येतं. जगदंबा देवी १९७५, सीता देवी १९८१, गंगा देवी १९८४. घरकाम करत चित्रकला शिकलेल्या, मल्लाह समाजातल्या दुलारी देवी २०२१. आज मधुबनी म्हटलं की पाच-सहा बायकांची नावं सहज ओठावर येतात.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कुलकर्णी वारली पाड्यांवर आले. इथे मात्र कागद आणि ब्रश प्रामुख्याने पुरुषांच्या हाती गेले. जिव्या सोमा म्हसे यांचं प्रदर्शन १९७५ साली मुंबईत केमोल्ड कलादालनात भरलं, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या प्रतिभेविषयी वाद नाही. त्यांच्यामुळे वारली चित्र जगभर गेलं. पण पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहिणाऱ्या सवाशिणींपैकी एकीचं तरी नाव आपल्याला सांगता येईल का? आज वारली बायकाही कागदावर चित्रं काढतात आणि विकतात. तरी वारली चित्रकार म्हटल्यावर बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पुरुषच येतो.

दोन्हीकडच्या बायकांच्या कलेत उणं-अधिक नव्हतं. फरक पडला तो कागद कुणाच्या हाती आला आणि पैसे कुणाच्या हाती पडले याने. भिंत घरातच राहते, कागद बाजारात जातो. त्याच्यामागून एस.टी. पकडून शहरात जायचं, गिऱ्हाइकाशी बोलायचं, प्रदर्शनासाठी आठ दिवस घर सोडायचं. घर, मुलं आणि चूल जिच्या गळ्यात असते तिला हे सुचलं तरी साधत नाही. म्हणून नाव हा नुसता मानसन्मानाचा मामला नाही. पुढची मागणी, पुढची किंमत, पुढचं निमंत्रण हे सगळं नावाच्या मागे येतं.

माझ्या कामाच्या भागातल्या एका गटातली बाई गेली अकरा वर्षं गोधड्या शिवते. तिचा टाका ओळखू येतो. कोपऱ्यातला चौकोन ती नेहमी तिरका बसवते. तिच्या गोधड्या शहरातल्या एका दुकानात जातात. तिथे त्यांच्यावर दुकानाचं सुबक लेबल असतं आणि खाली बारीक अक्षरात 'ग्रामीण महिलांनी हाताने शिवलेली' असं लिहिलेलं असतं. ग्रामीण महिला! म्हणजे कुणीच नाही. दुकानाचा ब्रँड तिच्या टाक्यावर उभा आहे, पण उद्या दुकानाने दुसऱ्या गटाकडून माल घेतला तर तिच्याकडे दाखवायला काहीही उरत नाही.

ब्रँडच्या वर्गात 'सगळीकडे सारखं दिसा' असं सांगतात, तेव्हा सल्ला रंग आणि चिन्हाबद्दल असतो. बाईच्या बाबतीत गाडं त्याआधीच, नावावर अडतं. माहेरच्या नावाने पहिलं बक्षीस, सासरच्या नावाने बँकखातं, आधारवर तिसरंच स्पेलिंग. तिचं निम्मं काम एका नावावर, निम्मं दुसऱ्या नावावर. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असं कोणताही कायदा सांगत नाही, पण रीत सांगते. महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये शासकीय कागदपत्रांवर आईचं नाव लावण्याचा निर्णय घेतला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आता आईचं नाव वडिलांच्या नावाआधी येतं. स्वागतार्हच आहे. पण विवाहितेच्या नावापुढे पतीचं नाव आणि आडनाव ही जुनी पद्धत त्या निर्णयातही चालूच राहिली. कलावंत बाईला माझं सांगणं एवढंच, की माहेरचं, सासरचं किंवा नुसतं स्वतःचं, कोणतंही एक नाव निवड आणि कामाखाली कायम तेच लिही. नवरा, लग्न किंवा घर बदललं तरी कामाचं नाव बदलायचं कारण नाही.

कायदा इथे थोडा उपयोगी पडतो. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राचा स्वामित्वहक्क, उलट करार नसेल तर, काढून घेणाऱ्याकडे जातो. पण कलम ५७ म्हणतं, हक्क विकून टाकला तरी 'हे काम माझं आहे' असं सांगण्याचा आणि त्याचा विपर्यास झाला तर आक्षेप घेण्याचा हक्क कर्त्याकडेच राहतो. हिंदी लेखिका मन्नू भंडारी यांनी 'आपका बंटी' या कादंबरीवर निघालेल्या सिनेमाविरुद्ध याच कलमाचा आधार घेतला. १९८६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांचा हा हक्क मानला. बाजारात शब्द येण्याच्या कितीतरी आधी एका बाईने आपल्या नावासाठी कोर्टाची पायरी चढली होती, हे विसरू नये.

आता आक्षेपाकडे वळते. वारली चित्र एकीचं नसतं, गोधडीचा टाका आजीकडून आलेला असतो. मग एकीच्या नावाचा डंका कशाला? या म्हणण्यात तथ्य आहे. परंपरेवर कुणा एकीने मालकी सांगू नये. वारली चित्राला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते याचसाठी, की नाव समाजाचं राहावं. पण समाजाचं नाव आणि बाईचं नाव यांत भांडण लावायचं कारण नाही. लेबलावर दोन ओळी मावतात. एक परंपरेची, एक करणारीची. सामूहिकतेच्या नावाखाली नेहमी बाईचंच नाव गाळलं जात असेल, तर ती सामूहिकता तपासून पाहायला हवी.

ब्रँडवाल्यांची एक गोष्ट मात्र मला मुळीच मान्य नाही. 'तुमची गोष्ट सांगा' म्हणताना त्यांना बहुतेक वेळा बाईचं दुःख हवं असतं. दारुडा नवरा, वैधव्य, मग सुईदोऱ्याने तारलं. दुःख विकलं जातं, टाका मागे पडतो. आपलं किती सांगायचं, चेहरा दाखवायचा की नाही, हे तिने ठरवावं. तिची ओळख तिच्या कामातून व्हावी. गंगा देवींना आपण त्यांच्या रेषेसाठी मानतो, दयेपोटी नव्हे.

गटांना सहज करता येतील अशा काही गोष्टी सुचवते. कोणती वस्तू कुणी केली याची वही गटाने ठेवावी. वस्तू बाहेर जाण्याआधी तिचा फोटो काढावा. मागच्या बाजूला नाव, गाव आणि साल लिहावं किंवा शिवावं. मागणी घेताना 'करणारीचं नाव छापलं जाईल' हे एक वाक्य लेखी घ्यावं. पैसे तिच्या खात्यात, त्याच नावावर जमा व्हावेत. मुलाच्या फोनवर तिच्या कामाचं पान असेल तर त्याचा पासवर्ड तिला ठाऊक असावा.

यातल्या कशालाही सल्लागार लागत नाही, फी लागत नाही. ८ मार्चला आपल्याकडे ठिकठिकाणी बायकांच्या वस्तूंची प्रदर्शनं भरतात. निदान आपल्या मांडवात तरी यापुढे एकही वस्तू बिननावाची ठेवायची नाही, एवढं आपण ठरवू या.