चष्मा निळा, डाग पिवळा!

आमच्या ग्रुपमधला एक जण गेली काही वर्षं 'ब्लू कट' चष्मा लावून फिरतोय. कारण? वाचताना उजव्या डोळ्याला ओळीतलं मधलंच एखादं अक्षर गायब व्हायचं. त्याने निदानही स्वतःच करून टाकलं होतं : 'बारा तास स्क्रीन, दुसरं काय होणार यार!'

परवा एकदाचा तो डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेला. स्कॅनमध्ये रेटिनाच्या अगदी मधोमध बारीकशी खाच. डॉक्टरांनी एकच विचारलं, 'सूर्याकडे बघत बसला होतात का कधी?'

बसला होता ना! २५ ऑक्टोबर २०२२, ऐन दिवाळीतलं खंडग्रास सूर्यग्रहण. बिल्डिंगची गच्ची, हातात जुन्या एक्स-रेची फिल्म. फिल्ममुळे सूर्य मंद दिसतो, डोळे दिपत नाहीत आणि आपण आणखी निवांत बघत राहतो. नको असलेले किरण मात्र आरपार जातच असतात.

गंमत म्हणजे (गंमत कसली!) तेव्हा काहीच दुखत नाही. रेटिनाला वेदना कळतच नाही. आणि बहुतेक वेळा हे भाजणं नसतंच, ती केमिकल रिअॅक्शन असते. १९६६ मध्ये अमेरिकेत वर्नर नोएल या संशोधकाने पांढऱ्या उंदरांना तासन्‌तास फ्लुरोसंट दिव्यांच्या उजेडात ठेवलं. चटका बसण्याइतकी उष्णता नव्हती, तरी प्रकाश टिपणाऱ्या पेशी मेल्या. रेटिनाला ऑक्सिजन भरपूर लागतो. त्यात जादा प्रकाश पडला की पेशींमधल्या फॅट्सना जणू गंज चढतो. रोजची झीज भरून काढणारी यंत्रणा असते, पण तिलाही लिमिट आहे.

निळा प्रकाश यात जास्त खोडकर, हे खरं. चष्मेवाल्यांचा सगळा धंदा या अर्ध्या सत्यावर चालतो. उरलेलं अर्धं आहे डोस. भर दुपारच्या उन्हात साधारण एक लाख लक्स प्रकाश असतो, ऑफिसात जेमतेम पाचशे. मोबाइलच्या प्रकाशाने रेटिना खराब होतो, असा पुरावा नाही. २०२३ मध्ये कॉक्रेनने १७ चाचण्या तपासल्या, तर साध्या चष्म्यापेक्षा ब्लू कटने डोळ्यांचा थकवा कमी होतो असंही दिसलं नाही. स्क्रीनसमोर डोळे चुरचुरतात, कारण आपण पापण्या मिटायला विसरतो. त्यावर उपाय फुकट आहे, म्हणून कुणी सांगत नाही!

आमच्या मित्राच्या खाचेवर मात्र खात्रीचा इलाज नाही. काहींची नजर काही महिन्यांत सुधारते, काहींची तशीच राहते. त्याचं अक्षर अजून हरवतंच.

पुढचा मुहूर्त २ ऑगस्ट २०२७, सोमवार. आपल्याकडून खंडग्रास ग्रहण दिसेल, पावसाने कृपा केली तर. मी आयएसओ १२३१२-२ लिहिलेले ग्रहणाचे चष्मे सगळ्यांसाठी मागवणार आहे. त्याला सांगितलं, तर म्हणाला, 'त्यात ब्लू कट येतो का गं?'