पंख्याला पाते की दोराला वजन?

गेल्या मे महिन्यात रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात एका खलाशाने माझ्या हातात एक काळपट, दगडासारखा टणक तुकडा ठेवला. मोडलेल्या जाड कड्याचा अर्धा भाग असावा तसा तो दिसत होता. नुकतीच बुडी मारून, कोयत्याने तासून त्याने तो बोटीच्या पंख्याजवळून काढला होता. आपण ज्याला प्रोपेलर म्हणतो त्याला ही मंडळी पंखाच म्हणतात, आणि मला तोच शब्द अधिक सोयीचा वाटतो. हा तुकडा म्हणजे मूळचा कुणाच्या तरी जाळ्याचा निळा प्लॅस्टिकचा दोर होता, हे मला प्रथम खरेच वाटेना.

दोराचे असे कडे कसे होते, ते पाहू. बोट धक्क्याला लागली की खलाशी लोखंडी खुंटाला दोराचे दोन-तीन वेढे देतो आणि मोकळे टोक नुसते हातात धरतो. तेवढ्यावर बोट थांबून राहते! वेढे वाढतात तशी पकड बेरजेने नव्हे, तर गुणाकाराने वाढते. घर्षणांक ०.२ धरला, तर एका पूर्ण वेढ्याने ती सुमारे साडेतीन पट, तीन वेढ्यांनी ४३ पट आणि पाच वेढ्यांनी पाचशे पटींहून अधिक होते. पंख्याच्या दांड्याला दोर गुंडाळला जातो तेव्हा हाच नियम बोटीच्या विरुद्ध काम करतो. मागे ओढल्या जाणाऱ्या जाळ्याचा थोडासा ताणही पुरतो. मग इंजिन स्वतःच स्वतःला बांधून घेते.

उष्णतेचाही हिशोब करा. दांडा ६ सेंटिमीटर व्यासाचा, सेकंदाला १० फेरे, आणि घसरणाऱ्या दोराचे घर्षण ५०० न्यूटन असे समजा. म्हणजे सुमारे ९४० वॅट, जवळजवळ घरातल्या इस्त्रीइतके! भोवती समुद्र असला तरी घट्ट वेढ्यांच्या आत पाणी पोहोचत नाही, आणि प्लॅस्टिक उष्णता सहज वाहून नेत नाही. पॉलिएथिलीन १३० आणि पॉलिप्रॉपिलीन १६५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. थंड झाले की झाले आपले कडे तयार.

बंद इंजिनाची बोट वारा आणि लाटा नेतील तिकडे जाते. दक्षिण कोरियाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ १० ऑक्टोबर १९९३ रोजी सोहे नावाची प्रवासी बोट वादळी हवेत उलटली आणि २९२ माणसे दगावली. बोटीत क्षमतेपेक्षा पुष्कळच अधिक माणसे होती, हे मोठे कारण. पण तिच्या पंख्याच्या दांड्याला नायलॉनचा दोरही गुंडाळलेला आढळला. आणि उलटण्याइतके काही झाले नाही, तरी हलत्या बोटीखाली कोयता घेऊन कोणाला तरी उतरावेच लागते. मला तुकडा देणाऱ्या खलाशाच्या कपाळावर टाके होते. बोट वर-खाली होताना तळ डोक्यावर आपटला, असे त्याने अगदी सहज सांगितले.

यावर बाजारात मिळणारा उपाय म्हणजे पाते. पंख्यालगत दांड्यावर धारदार चकती बसवतात, किंवा कात्रीसारखी दोन पाती बसवतात. त्यांतले एक दांड्याबरोबर फिरते व दुसरे स्थिर असते. बारीक दोर त्याने तुटतो, यात शंका नाही. तरीही या उपायाला पहिला मान देणे मला पटत नाही. तुटलेला दोर कुठे जातो? ज्याचे जाळे होते तो गरीब माणूस कर्जात जातो, आणि बेवारस जाळे पुढे कित्येक दिवस मासे, कासवे पकडत तरंगते. ते पुढच्या बोटीच्या पंख्यात जाणार नाही, याची हमी कोण देणार? शिवाय जाळ्याचा मोठा गुंता आला तर पात्याचेही काही चालत नाही.

माझे मत असे, की आधी दोराकडे पाहावे. समुद्राच्या पाण्याची घनता सुमारे १.०२५, पॉलिप्रॉपिलीनची ०.९१, पॉलिएथिलीनची ०.९५. म्हणजे बोयाखालचा सैल दोर आपोआप पृष्ठभागावर पसरतो, नेमका पंख्याच्या वाटेत. (जाळ्याची वरची कड तरंगती ठेवावीच लागते, ती गोष्ट वेगळी.) नायलॉनची घनता १.१४, तेव्हा ते बुडते. पण सावकाश, आणि प्रवाहाने ताणले गेले की तिरके होऊन वर येते. म्हणून वजन हवे. ते फार लागते असेही नाही. १ किलो पॉलिप्रॉपिलीनच्या दोराला समुद्रात जेमतेम बुडवायला सुमारे १४० ग्रॅम शिसे पुरते. शिसे विषारी असल्यामुळे मी लोखंड सुचवीन. तेही १४५ ग्रॅमच्या आसपास लागते. हा हिशोब आर्किमिडीजच्या तत्त्वाने तुम्हीच करून पाहा.

यावर आक्षेप आहेत आणि ते पोकळ नाहीत. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर शेवंडांचे पिंजरे एकमेकांना जोडणारे दोर बुडणारेच असावेत, असा नियम एप्रिल २००९ पासून लागू झाला. तो पंख्यांसाठी नव्हे, दोरांत अडकणाऱ्या देवमाशांसाठी होता. तिथल्या मच्छीमारांची तक्रार अशी, की खडकाळ तळावर असा दोर घासून लवकर तुटतो. खरे आहे. पण आपल्या किनाऱ्यावर पुष्कळ ठिकाणी तळ चिखलाचा आहे. तिथे ही अडचण कमी. खडकाळ जागी दोराचा फक्त वरचा भाग जड करता येईल. खर्चाचे उत्तर मात्र माझ्याजवळ गणितात नाही. जड दोराचा खर्च एकाने करायचा आणि पंखा वाचायचा दुसऱ्याचा, हा पेच सोसायटीत एकत्र बसूनच सुटेल.

जहाजांवरून प्लॅस्टिकचे दोर आणि जाळी समुद्रात टाकू नयेत, हा आंतरराष्ट्रीय नियम ३१ डिसेंबर १९८८ पासून अमलात आहे. तरीही फाटलेले जाळे किनाऱ्यावर आणले तर ते ठेवायचे कुठे, याची सोय मला धक्क्यावर शोधूनही दिसली नाही.

शिक्षकांनी एक प्रयोग अवश्य करून घ्यावा. १ लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवा आणि निरनिराळ्या दोरांचे तुकडे त्यात सोडा. आधी ते पाण्यात दाबून पिळा. नाही तर पिळात अडकलेल्या हवेने बुडणारा दोरही तरंगतो आणि वर्गात विनाकारण वाद होतो. माझ्या वर्गात झाला होता. मिरकरवाड्याचा तो काळा तुकडाही आम्ही बादलीत टाकून पाहिला. वितळून दगडासारखा झाला होता, तरी तो तरंगलाच.