पार्टचे पैसे देऊ, डोक्याचे नाही

जुन्या गाडीचं इंजिन खोलून नव्याने बांधलं आणि नंतर गाडी अडखळायला लागली, की आपल्याकडे एक ठरलेलं नाटक सुरू होतं. सिग्नल सुटतो, तुम्ही अॅक्सिलरेटर दाबता, गाडी क्षणभर श्वास रोखते आणि मग झटका मारून निघते. गॅरेजवाला सांगतो, "साहेब, इंजिन नवीन आहे, टाइट आहे. हजार किलोमीटर चालवा, मोकळं होईल." ते होत नाही. मग प्लग बदलतात. मग प्लगच्या वायरी, मग कॉइल, मग पेट्रोल पंप. सगळ्यात शेवटी कळतं की कार्बोरेटरच 'पूर्ण गेलाय'.

माझं स्पष्ट मत असं की यातला जवळजवळ प्रत्येक खर्च हा न मोजण्याचा दंड आहे. आणि त्याला गॅरेजवाल्यापेक्षा आपण गिऱ्हाईक जास्त जबाबदार आहोत. कसं ते सांगतो.

आधी त्या 'टाइट आहे'चा समाचार. नव्या रिंगा बोअरमध्ये घासून बसायला वेळ लागतो, तोवर इंजिन थोडं ऑइल खातं, हे खरंय. पण घट्टपणा असेल तर तो सगळीकडे जाणवेल. नेमका पाय दाबला त्याच क्षणी अडखळायचं आणि पुढे सुरळीत पळायचं, असं घट्ट इंजिन करत नाही. हे दुखणं हवा, पेट्रोल आणि ठिणगी यांची वेळ चुकल्याचं आहे. शिवाय मिश्रण पातळ किंवा टायमिंग चुकलेलं असताना ते हजार किलोमीटर काढायचे म्हणजे ज्या पिस्टनसाठी पैसे मोजले त्यांनाच भाजायचं.

पाय दाबल्यावर नक्की होतं काय? थ्रॉटल उघडतो, हवा हलकी असल्याने लगेच धावते. पेट्रोल जड, ते मागे राहतं, आणि काही मॅनिफोल्डच्या भिंतींवर ओलं होऊन बसतं. म्हणून एक क्षण मिश्रण पातळ होतं. ती फट भरायला कार्बोरेटरमध्ये अॅक्सिलरेटर पंप असतो, तो पेट्रोलची बारीक पिचकारी मारतो. त्याचा डायाफ्राम कडक झाला असेल तर अडखळणं आलंच. हे तपासायला एक रुपया लागत नाही. इंजिन बंद, एअर फिल्टरचं झाकण काढा, वरून आत बघा आणि थ्रॉटल हाताने ओढा. ओढताक्षणी धार दिसली पाहिजे. अर्ध्या मिनिटाचं काम! (आणि हो, तेव्हा जवळपास कोणी सिगारेट ओढत नाही ना, हेही बघा.)

पिचकारी ठीक असेल तर पुढचा संशय हाताळलेल्या जागांवर. आपल्या भाषेत सांगायचं तर इंजिन बांधणं म्हणजे पन्नास बदल एकाच कमिटमध्ये ढकलणं. काल चालत होतं, आज चालत नाही, आणि मधे सगळंच बदललंय. अशा वेळी आपण नवीन सर्व्हर विकत घेत नाही, काय काय हलवलं त्याची यादी काढतो. इथे ती यादी अशी: मॅनिफोल्डचं पॅकिंग नीट बसलं नसेल तर कडेने हवा घेतं. व्हॅक्यूम अॅडव्हान्सची रबरी नळी लावायची राहते किंवा चिरलेली असते. टॅपेट फार घट्ट ठेवलेले असतात. आणि टायमिंग बेल्ट एखादा दात इकडेतिकडे बसतो.

पेट्रोलचं नाव मी मुद्दाम शेवटी घेतोय, कारण सध्या सगळं खापर ई२० वर फोडायची फॅशन आहे. त्यात तथ्य नाही असं नाही. २०२५ पासून आपल्याकडे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल सर्रास मिळतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे ठरावीक जेटच्या कार्बोरेटरला मिश्रण सात-आठ टक्के पातळ पडतं, जुनं रबरही खराब होतं. पण इंजिन खोलायच्या आदल्या दिवशी हीच गाडी याच पेट्रोलवर बरी पळत असेल, तर आधी खोललेल्या गोष्टींकडे बघायला नको का?

आमच्या घरची ८०० सत्त्याण्णवची, कार्बोरेटरवाली. बाबांचा तिच्यावर माझ्यापेक्षा जास्त जीव! इंजिनचं काम झाल्यावर वर लिहिलेलं नाटक दुसऱ्या अंकापर्यंत आलं होतं. मग एका वयस्कर मिस्त्रींकडे नेली. त्यांनी आधी पाना उचललाच नाही. पिचकारी बघितली, ठीक होती. मग व्हॅक्यूम गेज लावला. समुद्रसपाटीला चांगलं इंजिन आयडलिंगला साधारण १७ ते २१ इंच पारा दाखवतं. पुणं ५६० मीटरवर, हजार फुटांमागे इंचभर उणे धरायचं, म्हणजे इथे १५ ते १९ चालेल. आमचा काटा तेराच्या खाली, पण अगदी स्थिर. काटा थरथरला असता तर व्हॉल्व्हवर संशय. स्थिर आणि कमी म्हणजे हवा तरी घेतंय, नाहीतर टायमिंग उशिरा. पॅकिंगच्या कडेने साबणाचं पाणी मारलं, आवाजात फरक शून्य. कॉम्प्रेशन तिन्ही सिलिंडरचं थोडं कमी, पण सारखं.

मग त्यांनी डेल्कोकडे बोट दाखवलं. त्याचा बोल्ट खाचेच्या पार टोकाला सरकवलेला. ८०० मध्ये डेल्को कॅमशाफ्टवर फिरतो. कॅम एक दात उशिरा बसला की ठिणगीही उशिरा पडते. आधीच्या गॅरेजने डेल्को फिरवून ठिणगी जागेवर आणली होती, व्हॉल्व्ह मात्र उशिराच उघडत राहिले. लक्षण दाबलं, दुखणं आत. (असे 'फिक्स' आपल्या ऑफिसात किती असतात ते मोजू नका.)

कव्हर उघडलं, खुणा बघितल्या, बेल्ट एक दात सरकवला, डेल्को मधोमध आणला. दोन तास.

आता माझा खरा मुद्दा. या कामाचे पैसे ऐकून शेजारचे काका म्हणाले, "काहीच बदललं नाही, मग एवढे कसले?" हेच काका प्लग, कॉइल आणि पंपाचे तिप्पट पैसे कुरकुर न करता देतील, कारण जुने पार्ट पिशवीत घालून परत मिळतात. आपण स्वतः बग शोधायचे तासावर पैसे घेतो. तीन दिवस शोधून एक ओळ बदलली, तर क्लायंटने एका ओळीचेच पैसे द्यावेत असं आपल्याला वाटतं का? मग मिस्त्रीने मोजण्याचे तास बिलात लावले की आपल्या पोटात का दुखतं? आपण फक्त पार्टचे पैसे देतो, म्हणून गॅरेज फक्त पार्ट विकतं. त्याचाही संसार आहे.

तेव्हा पुढच्या वेळी गाडी देताना आधीच सांगा, शोधायचे तास वेगळे लावा, पण एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय मोजलं ते लिहून द्या. गॅरेजवाला आधी जरा विचित्र नजरेने बघेल. बघू दे.

आमच्या मिस्त्रींनी बिलबुक उघडलं आणि पेन तसंच धरून बसले. "काय लिहू? पार्ट तर एकही नाही." बाबा म्हणाले, टायमिंग तपासणी लिहा. त्यांनी लिहिलं, 'किरकोळ काम'.