शिष्यवृत्ती मंजूर, पण पहिली फी कुणी भरायची?

जुलै महिना म्हणजे आपल्या तिरोडा तालुक्यात रोवणीचे दिवस. घरातला पैसा बियाण्यात, खतात आणि मजुरीत गेलेला असतो. धान विकून चुकारे हाती यायला दिवाळी उलटते. नेमक्या त्याच दिवसांत इंजिनिअरिंग, मेडिकल, पॉलिटेक्निकच्या याद्या लागतात आणि फी भरण्याची शेवटची तारीख दारात येऊन उभी राहते. समाजातील हुशार मुलामुलींचे मोठे नुकसान या दोन-चार आठवड्यांत होते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

योजनाच नाहीत, असे कुणी म्हणू नये. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारकडून तीन लाख रुपये मंजूर करून घेतले. १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. १९९० साली अनुसूचित जाती आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांनाही केंद्राच्या सवलतींचे दार उघडले. आयआयटी, एनआयटी, एम्ससारख्या संस्थांत प्रवेश मिळविणाऱ्यांसाठी केंद्राची उच्च श्रेणी शिक्षण योजना आहे. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी राज्याने २०१६-१७ पासून स्वाधार योजना आणली.

परंतु बांधवहो, मंजुरी निराळी आणि रोकड निराळी! आम्ही कारकुनी करणारी माणसे. कागदावरची रक्कम खात्यात पडेपर्यंत किती टेबले फिरते, हे आम्हांस चांगले ठाऊक आहे. प्रवेशाची तारीख मात्र कुणासाठी थांबत नाही. शिवाय रकमेचाही हिशोब करा. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे इंजिनिअरिंग-मेडिकलच्या वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला फीव्यतिरिक्त वर्षाला १३,५०० रुपये भत्ता ठरला. म्हणजे महिन्याला ११२५ रुपये! एवढ्यात नागपुरात जेवण तरी भागेल काय?

२०२१ साली आयआयटी मुंबईत जागा मिळालेल्या एका दलित विद्यार्थ्याची फी वेळेत भरली गेली नाही आणि जागा गेली. २०२४ साली उत्तर प्रदेशातील एका मजुराच्या मुलाची आयआयटी धनबादची जागा अवघ्या १७,५०० रुपयांपायी गेली. दोघांनाही सर्वोच्च न्यायालयाने न्याय दिला, ही समाधानाची गोष्ट आहे. पण दिल्लीचे दार ठोठावण्याइतके बळ किती आईबापांत असते? जे गप्प घरी बसले, त्यांची नोंद कुठल्या वहीत आहे?

खुद्द बाबासाहेबांचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवा. १९१३ साली बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, दरमहा साडेअकरा पौंडांवर, ते अमेरिकेस गेले. १९१७ साली तिची मुदत संपली आणि लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. १९२० साली ते पुन्हा गेले, ते प्राध्यापकीच्या पगारातून साठविलेला पैसा, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राने उसने दिलेले पाच हजार रुपये यांच्या बळावर. अडल्या वेळी मिळालेल्या त्या उसनवारीचे मोल आपण ओळखले पाहिजे.

म्हणून आमची सूचना अशी की, प्रत्येक विहाराने ‘पहिली फी निधी’ उभारावा. शंभर कुटुंबांनी महिन्याला वीस रुपये दिले तर वर्षाला २४,००० रुपये जमतात. जयंतीच्या वर्गणीतला दहावा हिस्सा त्यात घालावा. बँकेत तिघांच्या सहीचे खाते काढावे आणि त्यात एक तरी महिला असावी. पैसा थेट संस्थेकडे भरावा, पावती जपावी. हे दान नव्हे, बिनव्याजी उसने होय. शिष्यवृत्ती आली की हप्त्याने परत घ्यावे, म्हणजे पुढच्या वर्षी दुसऱ्या लेकराला मिळेल. हिशोब सर्वांसमोर वाचावा, मात्र विद्यार्थ्याचे नाव वाचू नये. गरिबीची जाहिरात नको.

पालकांनीही मुलगा किंवा मुलगी अकरावीत जाताच जातीचा दाखला व जात पडताळणीच्या मागे लागावे. उत्पन्नाचा दाखला वेळच्या वेळी काढावा, बँकेचे खाते आधारशी जोडून घ्यावे. फीची रक्कम खात्यात आली तर ती आधी कॉलेजात भरावी. घरखर्चाला तिला हात लावू नये.

आपल्या तिरोड्यात ३३०० मेगावॅटचा औष्णिक वीज प्रकल्प उभा आहे. त्याच्या उंच चिमण्या दूरवरून दिसतात. आपली मुले ठेकेदाराच्या हजेरीपटावरच राहावीत, की तिथल्या नियंत्रण कक्षात इंजिनिअर म्हणून बसावीत? पुढच्या जुलैला अजून अवकाश आहे. येत्या रविवारी विहारात वही उघडा आणि पहिले वीस रुपये लिहा.