दारू नाही, मग लिव्हर फॅटी कसं?

"आपल्यात दारू हराम, त्यामुळे आपलं लिव्हर सेफ," वडवणीतला एक मित्र म्हणाला. हातात कोल्ड्रिंक! 300 मिलीच्या बाटलीत 30 ग्रॅमहून जास्त साखर. (आपल्या तालुक्यातली माणसं ऊस तोडायला जातात, ती साखर अशी परत येते.) त्यातली निम्मी फ्रुक्टोज. ती मुख्यतः लिव्हरच पचवतं, आणि जास्त झाली की तिची चरबी करतं. दारूनेही लिव्हरमध्ये चरबीच साठते. 2023 मध्ये डॉक्टरांनी या आजाराच्या नावातलं 'नॉन-अल्कोहोलिक' काढून 'मेटाबॉलिक' घातलं, ते उगाच नाही.

मी दारूची बाजू घेत नाही. 2022 मध्ये राज्य सरकारने सुपरमार्केटात वाइन विकायचं ठरवलं, तेव्हा 'वाइन म्हणजे दारू नव्हे' म्हणणारे निघालेच. द्राक्षातले पॉलिफेनॉल हवेत ना, मग द्राक्षं खा! नाहीतर ज्वारी. तिच्यातही पॉलिफेनॉल आहेत, शिवाय तंतू. आतड्यातले जिवाणू तंतूंपासून ब्युटिरेट बनवतात, त्यावर मोठ्या आतड्याच्या पेशी पोसतात. पण दावतीत भाकरी ठेवायची आपल्याला लाज वाटते. मैद्याचा नानच हवा.

इफ्तारलाही खजूर एक आणि लाल सरबत तीन ग्लास. यंदा दस्तरख्वानावर बाटलीऐवजी ताक ठेवून दाखवा, मग लिव्हरच्या सेफ्टीवर बोलू.